सहा रकान्यांचा लॅपटॉप

आमच्या वर्गाच्या मॅडमनी दिलेल्या वहीत मी सहा रकाने आखले होते: वजन, आवाज, बॅटरी, पडदा, बटणं आणि प्रवास. लॅपटॉपबद्दल जे काही कळेल ते या सहांत बसेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी कुणीतरी काहीतरी बोललं, ते कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून मी ते समासात लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आठवडाभरात समास भरले, मग मी मागच्या पानांवर गेले. पुढून परीक्षा आणि मागून किस्से अशी ती वही दोन्हीकडून भरत आली आणि शेवटी मधे भेटली. मला चारचौघांत बोलता येत नाही. सांगायचं तर लिहूनच.

आधी थोडं मागचं सांगते. वर्षाताई आमच्याच शाळेत शिकल्या, आता पुण्यात नोकरी करतात. आमची शाळा येरमाळ्याजवळ, हायवेपासून थोडी आत. त्यांनी शाळेला एक लॅपटॉप पाठवला. स्वस्तातला, पातळ, चंदेरी. सोबत चिठ्ठी होती: "महिनाभर दहावीच्या मुलांना रोज एकेकाच्या घरी नेऊ द्या. रोजच्या कामाला आणि प्रवासाला टिकला तर असे सहा पाठवते. नाही टिकला तर त्याऐवजी शाळेत ठेवायचे मोठे कॉम्प्युटर पाठवते. पण खरं काय ते कळवा."

मुख्याध्यापकांना, म्हणजे आमच्या मोठ्या सरांना, मोठे कॉम्प्युटरच हवे होते. त्यांचंही चुकत नव्हतं. "मागं शाळेचा प्रोजेक्टर एका कार्यक्रमाला दिला," ते म्हणायचे, "परत आली ती नुसती पिशवी."

आणि माझ्या बाकावरच्या रेश्माला हवा होता लॅपटॉप. रेश्माचे अम्मी-अब्बा बांगड्या विकतात. माघापासून चैत्रापर्यंत जत्रांचे दिवस, तेव्हा घराला कुलूप लावून सगळे गावोगाव फिरतात. रेश्मा महिन्यातले दहा-बारा दिवस शाळेत नसते. मॅडमचे धड्यांचे व्हिडिओ फोनवर येतात, पण फोन असतो अब्बांच्या खिशात. मोठे कॉम्प्युटर आले तर ते अकरा ते पाच उघड्या असणाऱ्या खोलीत बसणार, आणि त्या वेळी रेश्मा कुठल्या तरी गावात कुणाच्या तरी हातात बांगड्या भरत असणार. दहावीचं वर्ष. तिनं कुणाला काही म्हटलं नाही. मला फक्त म्हणाली, "तू नीट लिही."

वहीत जेवढे दोष लिहीन तेवढा लॅपटॉप तिच्यापासून लांब जाणार, हे मला तेव्हाच कळलं होतं.

*

वजनाची परीक्षा खव्याच्या भट्टीवर झाली.

सोबतच्या कागदावर वजन एक किलो दोनशे ग्रॅम छापलं होतं. शाळेत काटा नाही. वर्गातल्या ओंकारच्या काकांची भट्टी रस्त्यातच आहे, म्हणून मॅडमनी आम्हाला दोघांना तिकडं पाठवलं. काकांनी काट्याचं ताट फडक्यानं पुसलं, लॅपटॉप ठेवला आणि आकड्याकडं बघितलं. एक किलो दोनशे तीस.

"बरोबर हाय की. तीस गिराम फरक चालतोय," काका म्हणाले. मग त्यांना पिशवीतून लोंबणारी वायर दिसली. "आन हे काय?"

"चार्जर. तो वेगळा धरतात," ओंकार म्हणाला.

"येगळा कसा? गावाला जाताना घरी ठिवून जायचा का?"

चार्जर ठेवला. एक किलो साडेपाचशे.

"आमच्या खव्यात चमचाभर पानी निघालं तर गिऱ्हाईक दहा गावांत सांगत फिरतंय," काका म्हणाले. "आन ह्यांनी अर्धा माल दाखवलाच न्हाई."

मी 'चार्जर धरून' असं लिहायला लागले. तेवढ्यात काकांनी ओंकारच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं आणि तेही काट्यावर टाकलं. सहा किलो.

काकांनी आकड्यावर बोट ठेवलं. "लेकराच्या पाठीवर सहा किलो लादलंय, ते कोन मोजीना. आन ह्या सव्वा किलोसाठी वही घिऊन फिरायलेत."

मी हे समासात लिहिलं होतं, पण सरांनी समासही वाचला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी रांगेतली दोन-तीन दप्तरं हातानं उचलून बघितली.

*

या लॅपटॉपला पंखा नाही, त्यामुळं चालताना अजिबात आवाज येत नाही. हा गुण आहे, असं मॅडम म्हणाल्या. पल्लवीच्या आजोबांना तसं वाटलं नाही.

आजोबांचा सगळा जन्म विहिरीवरच्या मोटारीजवळ गेला. आवाजावरून ते मोटारीचं दुखणं ओळखतात. पल्लवीनं लॅपटॉप सुरू केला, तर ते जवळ आले, वाकले आणि त्यांनी त्याला कान लावला.

"आवाज येईना. एक फेज गेलाय."

"आजोबा, ह्याला फेज नसतो," पल्लवी म्हणाली.

"लाईट लागली, आवाज न्हाई. म्हंजी फेजच गेलाय." आणि टॉर्च घेऊन ते खरंच डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, जाऊन आले. परत येऊन लॅपटॉपच्या पोटाला हात लावला, तर ते गरम लागलं.

"बग. वरून गप, आतून तापलंय. आपल्या सुनेवानी."

पल्लवीची आई आतून म्हणाली, "मामा, सून गप हाय म्हणूनशान तुमची मोटार ऐकू येतीय."

'आवाज' या रकान्यात मी लिहिलं: नाही.

*

आमचे शिपाई दगडूमामा संध्याकाळी जाताना कपाट बंद करतात. एकदा सुट्टीत लॅपटॉप त्या कपाटातच राहिला. सोमवारी त्याच्या पिशवीची चेन उघडली, तर आत कडुलिंबाचा पाला. पल्लवीनं विचारलं, तर मामा म्हणाले, "दोन दिवस सुट्टी होती. ज्वारीला घालतो तसा घातला. कीड लागू नये."

मॅडम हसल्या नाहीत. पाला काढून टाकला आणि म्हणाल्या, "मामा, महिनाभरात या लॅपटॉपची काळजी तुमच्याइतकी कुणी घेतली नाही."

*

स्वप्नाली तेरखेड्याहून येते. तिचे वडील फटाक्यांच्या कारखान्यात काम करतात. शेडमध्ये जाताना काडेपेटी, मोबाईल, सगळं बाहेर ठेवायचं, हा तिथला नियम, आणि वीस वर्षांत तो नियम त्यांच्या अंगात इतका मुरलाय की घरीही ते तसेच वागतात. त्या दिवशी कामावरून आले, तर ओट्यावर लॅपटॉप चार्जिंगला लावलेला.

"काढ आधी ते."

"पप्पा, चार्ज व्हायलाय. भरतच आलाय."

"तापतंय का?"

"थोडं."

"मग बाहीर न्हे."

स्वप्नाली अंगणात बसली. वडिलांनी तिच्या एका बाजूला वाळूची बादली ठेवली, दुसऱ्या बाजूला पाण्याची. शेजारच्या बायका विचारून गेल्या, लेकीला काय झालंय म्हणून. चार्जरला परवानगी नव्हती. लॅपटॉप बंद पडेपर्यंत ती गणितं करत राहिली. त्यामुळं आम्हाला बॅटरीचा खरा हिशोब मिळाला. कागदावर दहा तास होते, प्रत्यक्षात सहा तास वीस मिनिटं.

सकाळी वडिलांनी विचारलं, "पेटला न्हाई?"

"न्हाई, पप्पा."

"धूरबी न्हाई?"

"न्हाई."

"मग चांगला हाय," ते म्हणाले. "आमच्या धंद्यात उलटं असतंय. पेटला न्हाई तर गिऱ्हाईक परत आणून देतंय."

*

पडद्याचा दोष सोनालीमुळं सापडला. शनिवारी दुपारी तिला ज्वारीवर राखणीला बसायचं होतं. पाखरं हाकता हाकता विज्ञानाचा व्हिडिओ बघू, म्हणून तिनं लॅपटॉप शेतात नेला. उन्हात उघडला, तर पडद्यावर फक्त तिचाच चेहरा दिसायला लागला. उजेड पूर्ण वाढवला तरी तेच.

सोनाली हुशार आहे. तिनं कोंबड्या झाकायचं मोठं डालगं आणलं, बांधावर बसली आणि ते डोक्यावरून स्वतःवरच पालथं घातलं. आत अंधार झाला, पडदा स्वच्छ दिसायला लागला.

थोड्या वेळानं तिची चुलती भाकरी घेऊन आली. बघते तर बांधावर डालगं, आणि डालग्यातून एक बाई प्रकाशाचं अपवर्तन समजावून सांगतेय. चुलती भाकरी तिथंच ठेवून चार पावलं मागं गेली. मग धीर करून तिनं काठीनं डालगं उचललं.

"काय करायलीस आत?"

"अभ्यास."

"पाखरं?"

पाखरं निवांत ज्वारी खात होती. चुलतीनं तिथंच बसून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यंत्र चांगलं हाय गं. पर ते राखणीला बसवायचं आन तू डालग्यात, असं जमायचं न्हाई."

*

माझ्या घरी काहीच घडलं नाही. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनं लॅपटॉपखाली धुतलेला टॉवेल पसरला. तीन वेळा हात पुसले आणि तरी हात लावला नाही.

जेवणं झाल्यावर मात्र शेजारी येऊन बसली. म्हणाली, "माझं नाव कुठं कुठं हाय यात?" म्हणजे तिच्या नावातली अक्षरं. मी दाखवली. एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधून, तिनं नाव लिहिलं. सुमन. मग वडिलांचं. मग आडनाव.

"पुसून टाक आता. दुसऱ्याची वस्तू हाय."

मी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी सर लॅपटॉपमध्ये किती जागा उरली ते बघत होते. त्यांना ती फाईल दिसली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली. घंटा होईपर्यंत मी खालीच बघत राहिले असते.

"राहू दे," सर म्हणाले. "वहीत लिही, जागा भरपूर आहे."

*

मग रेश्माची पाळी आली, आणि नेमका तेव्हा भूमचा आठवडी बाजार होता.

शकीलामावशी, म्हणजे रेश्माची अम्मी, लॅपटॉपची पिशवी हातात घेऊन म्हणाल्या, "हे काय बांधणं झालं? चेन लावली की झालं का?" त्यांनी बांगड्यांची पेटी उघडली. पेटीत तळाला वाळलेलं गवत, त्यावर सुतळीत ओवलेल्या बांगड्यांचे गठ्ठे, गठ्ठ्यांच्या मधे पुन्हा गवत. त्यांनी मधले दोन गठ्ठे काढले, लॅपटॉप आडवा ठेवला, चारी बाजूंनी गवत दाबून भरलं. पेटी गेली काळीपिवळी जीपच्या टपावर. रेश्माचा जीव वर-खाली होत होता.

"अम्मी, मांडीवर घेते."

"मांडीवर धक्के बसतेत. तीस सालांत टपावर माझी एक बांगडी वाढली न्हाई."

बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, अशी रीत आहे. मणेरणी, म्हणजे बांगड्या विकणाऱ्या बायका, तर चुकूनही फुटली म्हणत नाहीत.

लॅपटॉपला एक ओरखडा नाही. पण गवताचा भुगा बटणांत शिरला आणि दोन शब्दांच्या मधे जागा सोडायचं लांब बटण बसलं ते उठेना. रेश्मानं निबंध तरी पूर्ण केलाच. 'माझा आवडता ऋतू', दोन पानं, सगळी मिळून एक शब्द. मॅडम वर्गात वाचायला लागल्या आणि हिवाळ्यापर्यंत पोचता पोचता थांबल्या.

"रेश्मा, अगं श्वास कुठं घ्यायचा?"

वर्ग हसला. रेश्माही हसली. संध्याकाळी मावशींनी केसांतली पिन काढली आणि भुगा कोरून कोरून बाहेर आणला. बटण पुन्हा उठायला लागलं, पण थोडं तिरकं राहिलं.

वहीत त्या दिवशीचा 'बटणं' हा रकाना मी कोरा ठेवला. बटण चालतंय तर लिहायचं कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. मॅडमनी वही बघितली.

"इथं काही नाही?"

खोटं बोलता येत नव्हतं आणि खरंही.

रेश्मा बाकावरूनच म्हणाली, "मॅडम, बटण तिरकं झालंय. ती लिहीना माझ्यामुळं." मग माझ्याकडं वळली. "लिही तू. अम्मी म्हणती, बांगडीला वाढली म्हणायचं. पर यंत्राला खरं ते म्हणायचं."

मी लिहिलं. इतकं वाईट अक्षर माझं कधी आलं नव्हतं.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारी तीन वाजता वर्षाताईंशी व्हिडिओवर बोलून निर्णय घ्यायचा होता. नेमका लॅपटॉप शाळेत नव्हता. शेवटचे चार दिवस प्रवासाची परीक्षा म्हणून मॅडमनी तो रेश्माबरोबर परंड्याकडच्या एका जत्रेत पाठवला होता.

सरांच्या खोलीत मॅडम, मी आणि टेबलावर मॅडमचा मोबाईल, पुस्तकाला टेकवून उभा केलेला. सरांच्या पुढ्यात टाईप केलेलं पत्र होतं. पाच मोठे कॉम्प्युटर द्यावेत, खोली तयार आहे, अशा मजकुराचं. सही तेवढी राहिली होती. वही वाचून दाखवायला कुणी लागलं तर, म्हणून मला बोलावलं होतं, पण वाचली सरांनीच. चार्जर धरून दीड किलोच्या वर. बॅटरी सांगितल्यापेक्षा कमी. उन्हात दिसत नाही. बटण तिरकं. वर्षाताई पुण्यातल्या घरून मान डोलवत होत्या.

"आणि आत्ता तो आहे कुठं, तेही मला ठाऊक नाही," सर म्हणाले.

"मग त्यालाच बोलवू या," वर्षाताई म्हणाल्या.

मॅडमनी सरांच्या फोनवरून रेश्माच्या अब्बांना फोन केला. अब्बांनी फोनवरचं इंटरनेट लॅपटॉपला जोडून दिलं आणि थोड्या वेळानं मोबाईलवर दुसरा चौकोन उघडला. आधी ताडपत्री दिसली, मग लटकलेल्या बांगड्या, मग रेश्मा. मागं भोंग्यावर कुणाचं तरी लेकरू हरवल्याचं सांगत होते.

"रेश्मा, तिथं अभ्यास होतो का गं?" वर्षाताईंनी विचारलं.

"होतो, ताई. गिऱ्हाईक आलं की झाकते, गेलं की उघडते. त्रिकोणमितीचे सगळे व्हिडिओ झाले."

"हरवला तर?" सर म्हणाले.

रेश्मानं मागं वळून अम्मीकडं बघितलं. सरांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात चौकोनात शकीलामावशींचा चेहरा आला. गिऱ्हाईक उठून गेलं असावं. त्यांनी पडद्यात निरखून बघितलं.

"ह्या पुण्याच्या बाई का?"

"नमस्कार, मावशी," वर्षाताईंनी हात जोडले.

"नमस्कार. हात रिकामे का हो तुमचे?"

"ऑफिसात कॉम्प्युटरवर काम असतं ना, बांगड्या वाजतात. आणि ऑनलाईन मागवते त्या बसतच नाहीत. कधी सैल, कधी घट्ट."

"बघू. उजवा हात पुढं करा."

वर्षाताईंनी आमच्याकडं बघितलं. सरांनी पेन तसंच धरून ठेवलं होतं.

"बोटं जुळवा. आंगठा आत घ्या. आनखी आत. आता हात फिरवा. सावकास."

वर्षाताई पुण्यात हात फिरवत होत्या आणि परंड्याकडं मावशी डोळे बारीक करून बघत होत्या. भोंगासुद्धा तेवढ्यात थांबला.

"दोन-सहा माप," मावशी म्हणाल्या. "दोन-आठ मागवत जाऊ नका. गळून पडत्याल."

वर्षाताई खुर्चीवरून उठल्या, चौकोन रिकामा झाला. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक बांगडी होती. "एवढी एकच नीट बसते, आईनं दिलेली," त्या म्हणाल्या. मग आतल्या बाजूला चिकटवलेली मापाची बारीक चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ नेली आणि वाचली.

"दोन-सहा."

तिकडं मावशींना नवीन गिऱ्हाईक आलं होतं. "रेश्मा, झाक ते," असं ऐकू आलं आणि जत्रेचा चौकोन काळा झाला.

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.

"वहीत व्हिडिओ कॉलचा रकाना आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, सर. आणि वहीपण संपली."

सरांनी पुढ्यातलं, सही न केलेलं पत्र उचललं, पालथं घातलं आणि माझ्याकडं सरकवलं.

"इथं आख."